पायाच्या डॉक्टरकडे जाताय? पाय आहे तसाच दाखवा

पायाला काहीतरी झालंय, दाखवायला तर हवं, पण दाखवायचं कोणाला, इथेच बरेच जण अडकतात. अमेरिका-इंग्लंडमध्ये पोडियाट्रिस्ट म्हणजे फक्त पावलांचं शिकलेला माणूस, अमेरिकेत तर कॉलेजनंतर चार वर्षांचा वेगळा कोर्स आणि वर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग, त्यामुळे तिकडे असलेल्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे असा वेगळा वर्ग अजून फारसा रुजलेला नाही. पावलांचं काम करणारे डॉक्टर मुळात कोणी जनरल सर्जन असतात, कोणी हाडांचे, कोणी डायबेटिसचे, कोणी प्लास्टिक सर्जन, आणि मग अनुभवाने किंवा फेलोशिप करून पायाकडे वळलेले. त्यामुळे बोर्डावर पोडियाट्री लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. मूळ डिग्री काय आहे ते बघा, प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर असतोच, आणि सरळ विचारा की डॉक्टर, तुम्ही पायाच्या जखमा रोज बघता का. विचारण्यात काही गैर नाही, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

साधारण हिशोब असा धरा. शुगर आहे आणि पायाला जखम, फोड, बधिरपणा काहीही आहे तर डायबेटिक फूट क्लिनिक, मोठ्या शहरांत आता ती आहेत, आणि जवळ नसेल तर तुमच्या शुगरच्या डॉक्टरलाच विचारा की पायासाठी कोणाकडे पाठवता. या विषयात महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी मोठं काम केलंय, नागपूरचे डॉ. शरद पेंडसे ज्यात पुढे होते त्या स्टेप बाय स्टेप कार्यक्रमात डॉक्टर आणि सोबतच्या नर्सला एकत्र पायाचं ट्रेनिंग दिलं गेलं, म्हणजे जाणकार माणूस फक्त मुंबईतच मिळेल असं समजू नका. शुगर नाही आणि टाच दुखते, पाय मुरगळलाय, अंगठ्याचं हाड बाहेर आलंय तर हाडांचे डॉक्टर. नखाला बुरशी, बोटांमध्ये खाज, तळपायाला चामखीळ असेल तर स्किनवाले. आणि थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, परत चाललं की परत तेच, असं होत असेल तर ते वयामुळे आहे म्हणून सोडून देऊ नका, ते रक्तवाहिन्यांचं असू शकतं, व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवा. मॉलमध्ये किंवा सोसायटीत मशीनवर पाय ठेवून फुकट तपासणी करतात आणि लगेच महागडे इनसोल विकतात, त्याला डॉक्टरची तपासणी समजू नका एवढंच सांगते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. आपल्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हटलं की माणसं पाय सजवून नेतात. आईच्या, सासूच्या, मावशीच्या बाबतीत मी हे बघितलंय. घाण दिसू नये म्हणून आदल्या दिवशी घासून पुसून, नखं कापून, भेगांवर काहीतरी चोपडून, आणि मग डॉक्टरांना जे बघायला हवं असतं तेच नेमकं निघून गेलेलं असतं. लाजू नका, त्यांनी याहून वाईट पाय रोज बघितलेले असतात. जायच्या आधी आठवडाभर तरी पेडिक्युअर नको. कुरूप किंवा घट्टा असेल तर तो ब्लेडने, नेलकटरने, प्युमिस दगडाने स्वतः काढायला जाऊ नका, कारण घट्टा कुठे आणि किती जाड आलाय त्यावरून पायावर दाब कुठे पडतोय ते डॉक्टरला कळतं. नखं पण वाढलेली असली तर असू द्या, रुतलेलं नख तर अजिबात कोरू नका.

मेडिकलमधून कुरूपाच्या पट्ट्या आणून लावतात, कॉर्न कॅप म्हणतात ना त्या. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी असा भेद करत नाही. ज्याच्या पायाला नीट कळतं त्याला चुरचुरल्यावर तो काढून टाकतो, पण शुगरमुळे पाय बधिर झालेल्या माणसाला कळतच नाही आणि खाली भोक पडलेलं असतं. तेच बिब्ब्याचं. गावाकडे अजूनही कुरूपाला, भेगेला बिब्बा गरम करून लावतात, बिब्ब्याने कातडी जळते, मोठमोठे फोड येतात, आणि मग मूळ दुखणं कोणतं आणि बिब्ब्याने झालेलं कोणतं हे डॉक्टरला पण सांगता येत नाही. रुईचा चीक, तापवलेलं मेण, चुना-गूळ हे सगळं त्याच रांगेत. हळदीचं वेगळं सांगायला हवं कारण हळद वाईट नाही असं सगळ्यांना वाटतं, पण उघड्या जखमेत हळद भरली की जखमेचा तळ दिसत नाही, रंग कळत नाही, आणि ती काढताना परत खरवडावं लागतं. जांभळं औषध, लाल औषध यांचं पण तसंच, रंग चढला की आजूबाजूची लाली झाकली जाते. आधीच काही लावलं असेल तर घाबरू नका पण लपवू पण नका, बिब्बा लावला तर बिब्बा लावला म्हणून सांगा, त्यावर पुढचं औषध अवलंबून असतं.

बायकांसाठी दोन गोष्टी. नेलपॉलिश काढून जा, दोन्ही पायांचं, कारण नखाचा रंग बघायचा असतो, पिवळं पडलंय का, काळं आहे का, दाबल्यावर गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो. लग्नसराई असेल आणि पायाला मेंदी, आळता असेल तर शक्य असल्यास तारीख पुढची घ्या, पण जखम असेल तर मेंदीसाठी थांबू नका. आणि जोडवी. पायाला सूज असली की जोडवी रुततात, खाली ओल धरते, कधीकधी खाली जखम झालेली असते ती जोडव्यामुळे दिसतच नाही. सहज निघत असतील तर घरीच साबण लावून काढा, निघत नसतील तर ओढाताण करू नका, क्लिनिकमध्ये कापून काढता येतात. काही जणींना ते अशुभ वाटतं, मला समजतं, पण नंतर सोनाराकडून जोडून घेता येतात, बोट मात्र एकदा गेलं की जोडता येत नाही.

त्या दिवशी सकाळी पाय साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या मधलं नीट कोरडं करा, क्रीम, तेल, पावडर काही लावू नका. गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका, बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजलेले पाय घेऊन माणसं जातात, हे खूप होतं. नखाच्या बुरशीसाठी दाखवायचं असेल तर नखाला लावायचं औषध आधीपासून सुरू करू नका, नख खरवडून तपासायला घेतात, औषध लावलेलं असलं तर बुरशी असून रिपोर्टमध्ये दिसत नाही. आणि हो, नखाच्या बुरशीचा इलाज लांबतो हे मनाशी धरूनच जा, पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष दीड वर्ष लागतं, दोन महिन्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही. कपडे असे घाला की गुडघ्यापर्यंत सहज वर करता येतील, टाइट जीन्स, लेगिंग नको, कारण फक्त पाऊल नाही, पोटरी, नडगी, गुडघ्यामागची नाडी पण बघतात.

चपला. रोजच्या वापरातल्या सगळ्या चपला-बूट एका पिशवीत घालून न्या. नवीन, स्वच्छ सँडल घालून जाऊ नका, ज्या घालून तुम्ही खरंच चालता त्या न्या, झिजलेल्या, घरातल्या स्लिपर सुद्धा. तळ कुठे झिजलाय, आत अंगठ्याचा खड्डा कुठे पडलाय, खिळा किंवा शिवण टोचतेय का, यातून चांगला डॉक्टर अर्धं निदान करतो. पाय बधिर असेल तर अंगठ्यात अडकवायची चप्पल चालत नाही, ती कधी निसटून पडते ते कळतच नाही आणि माणूस तसाच पुढे चालतो, शिवाय तो मधला पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो. मागून पट्टा असलेली, पुढे रुंद, मऊ तळाची हवी. तुम्हाला एमसीआर चप्पल लिहून देतील, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. ते दिसायला साधं असतं म्हणून घरच्यांना आवडत नाही, पण त्यामागे मोठं काम आहे, तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करताना हे ओळखलं की पाय रोगाने झडत नाहीत, कळत नसल्यामुळे रोज इजा होत राहते म्हणून जातात, आणि मऊ रबराच्या चपलेने ते थांबवता येतं. शुगरच्या पायाला तेच लागू पडलं. तेव्हा चप्पल लिहून दिली तर ती औषधच समजा, घरात पण घालायची, देवघरात जाताना सुद्धा वेगळा स्वच्छ जोड ठेवा.

फाईलमध्ये काय हवं ते पटकन सांगते. शेवटचं एचबीए१सी, ते साधारण मागच्या तीन महिन्यांची शुगर सांगतं. क्रिएटिनिन, कारण अँटिबायोटिकचा डोस आणि पुढे अँजिओग्राफी लागली तर त्यात रक्तवाहिन्या दिसायला टोचतात ती डाय या दोन्हीचा किडनीशी संबंध आहे. जुने एक्स-रे असतील तर फिल्मसकट. औषधांची नावं पाठ नसतात, सगळ्या पाकिटांचा फोटो काढा, आधी कोणतं अँटिबायोटिक घेतलं ते पण. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, ॲसिट्रोम यातलं काहीही, तर ते आल्या आल्या सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका, स्टेंट टाकलेल्या माणसाने अशी गोळी सोडणं फार धोक्याचं आहे. शुगरच्या गोळ्या, जेवण नेहमीसारखं, उपाशी या म्हणून सांगितलं असेल तरच उपाशी. जखम असेल तर पहिल्या दिवसापासूनचे फोटो, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, रोज एक, हे इतकं उपयोगी पडतं की काय सांगू, कारण जखम वाढतेय की भरतेय हे एका भेटीत कळत नाही.

आणि खरं बोला. तंबाखू खाता का विचारलं की माणसं नाही म्हणतात, बायका तर नक्की नाही म्हणतात, आणि रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, विडी-सिगरेट तर त्याहून वाईट. नवरात्रात अनवाणी राहता का, वारीला चालत जाता का, दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालता का, शेतात चिखलात उभं राहता का, हे सगळं सांगा. डॉक्टर तुमच्या श्रद्धेवर बोलायला बसलेले नाहीत, पण बधिर पायाने अनवाणी चालणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्याला पर्याय काढता येतो, मोजे, सकाळची वेळ, काहीतरी मार्ग निघतो.

आत गेल्यावर काय होतं ते माहीत असलं की भीती कमी होते. दोन्ही पाय बघतात, दुखत नसलेला पण, कारण तुलना हवी असते. पावलाच्या वर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला मागे नाडी चाचपतात. मग एक नायलॉनचा तंतू असतो, मोनोफिलामेंट, तो तळपायाला टेकवला की १० ग्रॅम दाबाला वाकतो, डोळे मिटायला सांगून विचारतात कळलं का. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडची म्हातारी माणसं डॉक्टरचं मन राखायला हो हो म्हणत राहतात, किंवा आपण नापास होऊ असं वाटून अंदाजाने सांगतात. ही परीक्षा नाही. कळलं नाही तर नाही कळलं म्हणा, तेच ऐकायला ते बसलेत. आणि सोबत आलेल्यांनी मागून खुणा करू नयेत. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, वाजवून अंगठ्यावर ठेवतात, कंप कळतोय का ते बघायला, किंवा बायोथेसिओमीटर नावाचं मशीन असतं त्यात आकडा व्होल्टमध्ये येतो, २५ च्या वर गेला की जखम व्हायचा धोका बराच वाढलेला आहे असं धरतात.

रक्तपुरवठ्यासाठी हाताचा आणि घोट्याचा बीपी घेऊन गुणोत्तर काढतात, एबीआय म्हणतात. ०.९ च्या खाली आलं तर रक्त कमी पोचतंय. पण शुगरवाल्यांमध्ये रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, त्या दाबल्याच जात नाहीत, म्हणून आकडा खोटाच चांगला किंवा जास्त येतो, १.३-१.४ च्या वर गेला तर ते फार छान आहे असं नाही, मग अंगठ्याचं प्रेशर किंवा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, करायला लावतात. टेस्टच्या आधी विडी-सिगरेट नको, आणि जिना चढून धापा टाकत लगेच झोपू नका, थोडं पडून राहा मग आकडा नीट येतो. रिपोर्टची कॉपी मागून घ्या, पुढच्या वर्षी तुलनेला लागते.

घट्टा काढताना ब्लेड वापरतात, बघून घाबरायला होतं पण मेलेल्या कातडीला दुखत नाही. आणि कधीकधी घट्ट्याखाली जखम निघते, रक्त, पू येतो. नातेवाईक मग म्हणतात की चांगला पाय होता, डॉक्टरने जखम केली. तसं नसतं, जखम आधीच आत होती, वर झाकण होतं. रुतलेलं नख काढायचं असेल तर अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी इंजेक्शन देतात, ते काही सेकंद जोरात लागतं हे आधीच सांगून ठेवते, नंतर नख काढताना दुखत नाही. त्या दिवशी पुढून उघडी सँडल आणि सोबत कोणीतरी हवं, स्वतः स्कूटर चालवत यायचं नाही. टाचदुखीवाल्यांना एक्स-रेमध्ये हाड वाढलंय असं दिसलं की झोप उडते, पण ज्यांची टाच अजिबात दुखत नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेत पण ते असतं. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना जास्त दुखतं का ते सांगा, व्यायाम, चप्पल, धीर यावर बहुतेकांचं वर्षभराच्या आत बरं होतं.

निघायच्या आधी हे विचाराच. पायाला रक्त नीट पोचतंय का, पायाला कळतंय का, ड्रेसिंग कोण करणार आणि किती दिवसांनी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती चालायचं, नेमकं सांगा. आपल्याकडे माणसं गोळ्या वेळेवर घेतात, इंजेक्शन घेतात, आणि त्याच जखमेवर भार देऊन भाजी आणायला जातात. तळपायाची जखम तिच्यावरचा दाब काढल्याशिवाय भरत नाही, कितीही भारी औषध लावा. त्यासाठी प्लास्टर घालतात, खास बूट देतात, ते रात्री बाथरूमला जाताना पण घालायचं असतं, तेवढ्या चार पावलांनी काय होतंय असं म्हणू नका. बोट किंवा पाय काढायचं बोलले तर विचारा की रक्तपुरवठा तपासलाय का, अँजिओप्लास्टी करून पायाचा रक्तपुरवठा वाढवता येईल का, दुसरं मत घ्यायला वेळ आहे का. वेळ आहे म्हणाले तर जरूर घ्या. पण आत सडत चाललंय, ताप आहे, इन्फेक्शन वर चढतंय म्हणून आजच करायला हवं म्हणत असतील तर तिथे चार दिवस फिरण्यात जीव जाऊ शकतो.

काही गोष्टींना अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. बोट काळं पडतंय, जखमेला घाण वास येतोय, लाली वर सरकतेय, थंडी वाजून ताप आलाय, पाय अचानक पांढरा गार पडून प्रचंड दुखतोय, सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. आणि एक फसवं लक्षण, शुगरवाल्याचा एक पाय एकदम सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतोय आणि दुखत मात्र फारसं नाही. मुरगळलाय, युरिक ॲसिड वाढलंय असं म्हणून लोक चोळत, चालत राहतात. ती शार्को नावाची भानगड असू शकते, बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असतात आणि चालत राहिलं तर पावलाचा आकारच बिघडतो. त्याच दिवशी पायावर भार देणं थांबवा आणि दाखवा, आणि दाखवताना शार्को तर नाही ना असं तोंडाने विचारा.

परत कधी जायचं ते पायाच्या धोक्यावर ठरतं. शुगर आहे पण पायाला कळतंय आणि रक्त नीट पोचतंय तर वर्षातून एकदा. बधिरपणा किंवा रक्त कमी पोचणं यातलं एक असेल तर सहा महिने ते वर्ष. दोन्ही असतील, किंवा त्यातल्या एकाबरोबर पावलाचा आकार बदललेला असेल तर तीन ते सहा महिने. आणि आधी जखम होऊन गेलेली, बोट काढलेलं असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. पावसाळ्यात मधेच एक चक्कर मारावी असं माझं मत, चिखल्या होतात, बोटांमधली कातडी पांढरी होऊन फाटते आणि इन्फेक्शन आत शिरायला तेवढी फट पुरते. घरी रोज रात्री तळपाय बघायचा, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून. आईवडील गावाला एकटे असतील आणि तुम्ही पुण्यात नाहीतर परदेशात, तर व्हिडिओ कॉलवर बोलून झालं की फोन खाली तळपायाकडे धरायला सांगा, दोन्ही पाय, बोटं फाकवून मधलं पण. काही ओलं, लाल, काळं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून त्यांच्या डॉक्टरला त्याच दिवशी पाठवा.